मुंजीखाली दडलेलं अवकाशयान

कॅसेट हातात आली की मी ती आधी उजेडाकडे धरतो. वरच्या छोट्या काचेतून रिळाची कड दिसते. कड काळी, तुळतुळीत असेल तर निम्मी काळजी मिटते. पांढुरकी पूड बसलेली दिसली, तर ती बुरशी. नाशिकचा पावसाळा, जुन्या वाड्यातलं भिंतीतलं कपाट आणि त्यात तीस-पस्तीस वर्षं कुणी हात न लावलेली कॅसेट, एवढं जमून आलं की बुरशी ठरलेलीच. अशी कॅसेट तशीच प्लेअरमध्ये सरकवली, तर हेड खराब होतं आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटला लागण होते.

त्या दिवशी आलेली कॅसेट अशीच पांढरी पडली होती. घेऊन आलेले काका नाशिकरोडला राहणारे, आयुष्यभर प्रेसमध्ये नोकरी केलेले. आमच्याकडे नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की नोटांचा आणि टपाल तिकिटांचा छापखाना, हे वेगळं सांगावं लागत नाही. कॅसेटवर निळ्या बॉलपेनाने लिहिलं होतं ‘मुंज, मे 1990’. त्याच्या खाली आधीचं काहीतरी लिहिलेलं खोडलं होतं.

“भाऊ, हल्ली जुने सिनेमे कसे लख्ख करून दाखवतात, तशी ही करून द्या,” काका म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “मुंजीचं राहू द्या. मुंज संपल्यावर पुढे काहीतरी आहे. ते बघा.”

जुन्या टेपा आणि फिल्म डिजिटल करण्याच्या धंद्यात मी पुष्कळ वर्षं आहे. आधी मुंबईत दुसऱ्यांच्या स्टुडिओत फ्रेम पुसत बसलो, मग गावी परतून स्वतःचं दुकान टाकलं. रेकॉर्डिंग झालेलं राहू द्या आणि त्याच्या पुढचं बघा, असं सांगणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटत होतं.

मी कॅसेटचे पाच स्क्रू काढले. दोन्ही रिळं उचलून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात दोन दिवस ठेवली, म्हणजे आतली ओल निघून जाते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलं केलेलं मऊ कापड दोन बोटांत धरून पूर्ण टेप हाताने त्यातून ओढून घेतली. दर थोड्या वेळाने कापड बदलावं लागतं. हे काम घाईत केलं की टेप दुमडते, आणि एकदा दुमडलेली टेप सरळ होत नाही. शेवटी रिळं नव्या खोक्यात बसवली आणि काकांना बोलावून घेतलं.

मुंज सुरू झाली. मातृभोजन, मंगलाष्टकं, अक्षता, भिक्षावळ. काका शांतपणे बघत होते. भिक्षावळीच्या मध्येच चित्र तुटलं, दोन-तीन सेकंद पडद्यावर मुंग्या आल्या, आणि एकदम चंदेरी कपड्यातली माणसं बटणं लावलेल्या फळ्यांसमोर उभी दिसली. पाठीमागे काळं आकाश. हिंदी संवाद. दूरदर्शनवरच्या अवकाशमालिकेचा तो भाग होता. सुरुवातीची नावाची पाटी मुंजीखाली पुसली गेली होती. काका ठामपणे म्हणाले, “स्पेस सिटी सिग्मा.” नऊ मिनिटं तो भाग चालला आणि टेप संपली.

त्या नऊ मिनिटांची गोष्ट काकांनी नंतर सांगितली. त्यांचा मुलगा ती मालिका टीव्हीवरून टेप करून ठेवायचा. जयंत नारळीकरांचं विज्ञानकथांचं ‘यक्षांची देणगी’ त्याला जवळजवळ पाठ होतं. मुंजीच्या दिवशी व्हिडिओवाल्याची कॅसेट संपली. दुकानं लांब, मुहूर्त जवळ. काकांनी टीव्हीच्या शेजारची कॅसेट उचलून त्याच्या हातात दिली. मुलाला ते कळलं तेव्हा लंगोटी नेसून, मुंडण केलेल्या डोक्याने तो बोहल्याशेजारी रडत उभा होता. पाहुण्यांना वाटलं, मुलगा होमाच्या धुराने रडतोय.

“ते मी पुसलं,” काका म्हणाले. “जेवढं उरलंय, तेवढं त्याला नीट करून पाठवायचंय.”

फिल्म की टेप?

काकांना मला खरं सांगावंच लागलं. ‘एचडी करून द्या’ हे वाक्य मी दिवसातून चार वेळा ऐकतो आणि त्यावर दर वेळी एकच प्रश्न विचारतो : मूळ चित्रण कशावर झालं होतं, फिल्मवर की टेपवर?

35 मिलिमीटर फिल्मच्या एका फ्रेममध्ये चांदीच्या क्षारांनी धरून ठेवलेला तपशील जुन्या टीव्हीच्या कितीतरी पलीकडचा असतो. टीव्हीला तो दाखवता येत नव्हता, पण फिल्मवर तो होताच. टेपचं तसं नाही. आपल्याकडच्या टीव्हीच्या चित्रात 625 रेषा, त्यातल्या दिसणाऱ्या 576. अमेरिकेत त्याहून कमी, दिसणाऱ्या साधारण 480. घरगुती व्हीएचएसवर तर एका रेषेतला तपशीलही निम्म्यावर येतो. एचडीच्या पडद्याला 1080 रेषा लागतात. टेपवर जे उमटलंच नाही, ते कुठलंही यंत्र त्यातून काढू शकत नाही. यंत्र फार तर अंदाज करतं, आणि अंदाजाने काढलेला चेहरा मेणाचा दिसतो.

या प्रश्नाचं महत्त्व जगाला सगळ्यात मोठ्या प्रमाणावर शिकवलं ते एका विज्ञानमालिकेनेच. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ अमेरिकेत 1987 ते 1994 चालली. भाग 178. चित्रण सगळं 35 मिलिमीटर फिल्मवर. पण वेळ आणि पैसा वाचवायला ती फिल्म लगेच टेपवर उतरवली जायची, आणि संकलन, यानांची दृश्यं, किरणांचे झोत, हे सगळं टेपवरच व्हायचं. म्हणजे या मालिकेचा एकही भाग फिल्मवर कधी जोडलाच गेला नव्हता. अखंड निगेटिव्ह अस्तित्वातच नव्हती. होते ते खोक्यांत भरलेले कच्चे तुकडे.

2012मध्ये पहिल्या सीझनची ब्लू-रे आली आणि 2014च्या अखेरीस सातवा सीझन बाहेर पडला. मधल्या काळात त्या लोकांनी जे केलं, ते वाचताना माझ्यासारख्या कारागिराचा ऊर भरून येतो. गोदामातून हजारो रिळं काढली. टेपवरचा भाग समोर ठेवून प्रत्येक शॉट, तो नेमका टेक, नेमक्या फ्रेमपासून नेमक्या फ्रेमपर्यंत शोधला. नव्याने स्कॅन केला. मग पूर्वीचं संकलन जसंच्या तसं पुन्हा बांधलं. एका मालिकेसाठी 178 वेळा.

त्याहून मोठी गोष्ट यानाची. ‘एंटरप्राइज’ हे फायबरचं मॉडेल होतं. त्याचा एकेक शॉट घेताना संगणकाने चालवलेला कॅमेरा त्याच मार्गावरून पुन्हा पुन्हा फिरायचा. एका फेरीत नुसता यानाचा आकार, दुसऱ्या फेरीत अंधार करून फक्त खिडक्यांतले दिवे, तिसरीत इंजिनाची निळी झळाळी, चौथीत मागची पार्श्वभूमी कापायला लागणारी सावली. प्रत्येक फेरी वेगळ्या फिल्मवर. हे थर 1980च्या दशकात टेपवर एकमेकांवर चढवले गेले आणि मऊ, पुसट झाले. पण मूळ थरांच्या पट्ट्या कुणीतरी फेकल्या नव्हत्या. पंचवीस वर्षांनी त्याच पट्ट्या स्कॅन करून पुन्हा एकमेकांवर चढवल्या, आणि त्या मॉडेलवर कारागिरांनी रंगवलेल्या बारीक रेघा पहिल्यांदाच लोकांच्या घरात दिसल्या. जिथे मूळ सामग्री उरलीच नव्हती, तिथे मात्र नव्याने संगणकावर घडवावं लागलं. ‘स्फटिकासारखा जीव’ दाखवणारी पहिल्या सीझनमधली दृश्यं अशीच पुन्हा घडवली गेली.

याच परिवारातल्या ‘डीप स्पेस नाइन’ या पुढच्या मालिकेच्या वाट्याला हे भाग्य अजून आलेलं नाही. त्या मालिकेवरच्या एका माहितीपटासाठी चाहत्यांनी वर्गणी गोळा केली, तेव्हा तिची काही दृश्यं निगेटिव्हवरून एचडीत आली. बाकीची मालिका खोक्यांतच आहे.

पुसलेल्या अक्षता

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो.

मुंबईत असताना एका कुटुंबाच्या लग्नाची 8 मिलिमीटरची फिल्म माझ्याकडे आली होती. फिल्मवर धूळ, केस, ओरखडे. धूळ काढणारं सॉफ्टवेअर असतं. त्याचा हिशेब सोपा. आधीच्या आणि पुढच्या फ्रेममध्ये नसलेला ठिपका एकाच फ्रेममध्ये दिसला, तर तो कचरा, पुसून टाक. रात्री मी ते यंत्र लावलं आणि घरी गेलो. सकाळी बघतो तर चित्र आरशासारखं. मी खूश होऊन पाठवून दिलं.

दोन दिवसांनी त्या घरातल्या आजींचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, “अरे बाळा, आमच्या लग्नात अक्षताच पडल्या नाहीत का रे?”

मी पुन्हा बघितलं. सगळ्यांचे हात वर जात होते, मुठी उघडत होत्या, आणि हवेत काही नव्हतं. उडणारा तांदूळ प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी असतो. यंत्राने त्याला धूळ समजून एकेक दाणा वेचून पुसला होता.

मी ते तीस सेकंद मूळ स्कॅनवरून पुन्हा हाताने केले. दाणा राहू द्यायचा, धूळ काढायची. तीन दिवस लागले. तेव्हापासून माझ्या टेबलावर नियम आहे : यंत्र सुचवेल, पुसायचं की नाही हे माणूस ठरवेल.

विज्ञानमालिकांचं पुनरुज्जीवन करणाऱ्यांना हा प्रश्न पावलोपावली येतो. काळ्या आकाशातला हलणारा पांढरा ठिपका धूळ आहे की तारा? स्फोटातली ठिणगी आहे की फिल्मवरचा चट्टा? यंत्राला दोन्ही सारखेच. मूळ मालिकेचं मन ज्याला माहीत आहे, त्यालाच फरक कळतो.

आणि ‘नवं करणं’ कुठवर? 1966 ते 1969 मध्ये आलेल्या पहिल्या ‘स्टार ट्रेक’वर 2006 पासून काम झालं, तेव्हा यानाची जुनी दृश्यं काढून संगणकावर बनवलेली नवी बसवली. पुष्कळांना ती आवडली, पुष्कळांना वाटलं की त्या काळच्या कारागिरांचे हात पुसले गेले. पुढे ब्लू-रेवर दोन्ही रूपं दिली गेली, ज्याने त्याने निवडावं. मला हा मार्ग सगळ्यात प्रामाणिक वाटतो. नवं हवं तेवढं करा, जुनं शेजारी ठेवा.

टेपा पुसणारे आणि जपणारे

काकांनी जे एका कॅसेटचं केलं, ते बीबीसीने कपाटंच्या कपाटं भरलेल्या टेपांचं केलं. ‘डॉक्टर हू’ ही मालिका 1963 साली सुरू झाली. त्या काळी व्हिडिओ टेप फार महाग होती, आणि एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोण बघणार, असा समज होता. टेपा पुसून त्यांवर दुसरे कार्यक्रम भरले गेले. आजही पहिल्या सहा वर्षांतले 90हून जास्त भाग हरवलेले आहेत.

वाचले ते कसे? परदेशी वाहिन्यांना विकण्यासाठी काही भागांच्या 16 मिलिमीटर फिल्मवर कृष्णधवल प्रती निघाल्या होत्या. त्या देशोदेशी फिरल्या आणि कुठे कुठे पडून राहिल्या. 2013मध्ये नायजेरियातून अशाच नऊ भागांच्या फिल्म परत मिळाल्याचं जाहीर झालं. हरवलेल्या भागांचं चित्र गेलं, तरी आवाज मात्र सगळ्यांचा आहे, कारण त्या वेळच्या शाळकरी पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो टिपून घेतला होता. काकांच्या मुलाची जात तीच.

काही रंगीत भागांच्या फक्त कृष्णधवल प्रती उरल्या होत्या. पुढे अभियंत्यांच्या लक्षात आलं की फिल्मवर उतरवताना रंगाच्या सिग्नलची अगदी बारीक जाळी त्या चित्रात ठिपक्यांच्या रूपाने उमटून राहिली आहे. त्या ठिपक्यांचा उलगडा करून त्यांनी मूळ रंग परत आणला. ज्याला सगळे दोष समजत होते, त्यातच रंग लपला होता. म्हणून मी कुठलीही जुनी प्रत ‘खराब आहे’ म्हणून टाकून देत नाही.

अजून एक. 1970ची ‘स्पीअरहेड फ्रॉम स्पेस’ ही ‘डॉक्टर हू’ची कथा स्टुडिओतल्या संपामुळे नाइलाजाने बाहेर जाऊन पूर्णपणे फिल्मवर चित्रित करावी लागली. तेव्हाची ती अडचण. पण त्यामुळेच 2013मध्ये तिची खऱ्या अर्थाने एचडी ब्लू-रे निघू शकली.

नाशिकची पहिली जादू

हे सगळं सांगताना मला नेहमी दादासाहेब फाळके आठवतात. त्यांच्या गावात बसून हे काम करतो, हे मी कधी विसरत नाही.

त्र्यंबकेश्वरला 1870 साली जन्मलेल्या दादासाहेबांनी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत केला आणि 3 मे 1913ला तो लोकांना दाखवला. त्याच वर्षी ते आपलं बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला घेऊन आले. ‘मोहिनी भस्मासुर’ इथला. 1918मध्ये इथेच हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. 1919चा ‘कालिया मर्दन’ तिचाच, आणि त्यातला बाळकृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी. त्याही आधी, पैसे घालणाऱ्यांना पटवण्यासाठी, त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना ठरावीक अंतराने एकेक फ्रेम टिपली होती. दिवसांची वाढ क्षणांत दाखवणारी ती फिल्म म्हणजे आपल्याकडचा पहिला विज्ञानाचा चमत्कार.

देव प्रकटतात, माणूस अदृश्य होतो, पाण्याखाली नागाशी झुंज होते, हे सगळं फाळके कॅमेऱ्यातच करायचे. एकदा चित्रण झालेली फिल्म उलटी गुंडाळायची, आधी झाकून ठेवलेल्या भागावर पुन्हा चित्रण करायचं. दुसऱ्या खेपेला चूक झाली तर पहिलंही गेलं. ‘एंटरप्राइज’चे थर वेगवेगळ्या पट्ट्यांवर राहिले, म्हणून ते पंचवीस वर्षांनी पुन्हा जुळवता आले. फाळक्यांचे सगळे थर एकाच पट्टीवर. ती पट्टी गेली की जादू गेली.

आणि बहुतेक पट्ट्या गेल्या. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन भडकून पेटणारी, शिवाय तिच्यातल्या चांदीसाठी ती विकली जायची. आपल्याकडे हजाराहून जास्त मूकपट बनले. त्यांतले पूर्ण स्वरूपात उरलेले हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. फाळक्यांच्या कामाचं जे काही आज दिसतं, ते बरंचसं त्यांच्या कुटुंबीयांनी जपलं म्हणून आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी ते मिळवून जतन केलं म्हणून. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं आहे. ते 1913चं की 1917ला पुन्हा केलेल्या आवृत्तीचं, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. ‘कालिया मर्दन’ तुकड्यांनी उरला आहे. आणि ‘चित्रपट कसे तयार करतात’ हे सांगणाऱ्या त्यांच्या छोट्या पटाचाही काही भाग आहे, ज्यात खुद्द फाळके कामात गढलेले दिसतात. पडद्यामागचा किस्सा पडद्यावर आणणारे आपल्याकडचे पहिले तेच.

2003च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत संग्रहालयाचा नायट्रेटचा मोठा साठा जळाला. त्या दिवसाची बातमी मी दुकानात उभा राहून वाचली होती, आणि नंतर बराच वेळ काही काम केलं नव्हतं.

2021च्या डिसेंबरात नाशिकला 94वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष होते जयंत नारळीकर. विज्ञानकथा लिहिणारा खगोलशास्त्रज्ञ, फाळक्यांच्या गावातल्या संमेलनाचा अध्यक्ष. प्रकृतीमुळे त्यांना येता आलं नाही, पण मला वाटलं, आमच्या गावाचं एक वर्तुळ पूर्ण झालं. त्यांनी लिहिलेलं टिकलंय, कारण पुस्तकाच्या प्रती घरोघर असतात. टीव्हीवर केलेल्या कल्पनेच्या प्रती कुठे आहेत?

टॅब

काकांची नऊ मिनिटं मी एचडी केली नाहीत, कारण ती एचडी नव्हतीच. चांगला प्लेअर लावला, त्याचे हेड साफ केले, हलणाऱ्या रेषा स्थिर करणारं यंत्र मध्ये जोडलं आणि टेपवर जेवढं आहे तेवढं सगळं, न दाबता, फाइलमध्ये उतरवलं. त्या फाइलला हात लावला नाही. मग एका वेगळ्या प्रतीवर रंग थोडे सावरले, आवाजातली घरघर कमी केली. मागच्या काळ्या आकाशातले ठिपके एकेक करून बघितले. ज्यांच्याबद्दल खात्री झाली नाही, ते तारे समजून ठेवले.

मुंजही पूर्ण उतरवली. मधल्या मुंग्यांचे ते दोन-तीन सेकंद कापले नाहीत. तोच तर त्या टेपचा खरा इतिहास.

काका पेनड्राइव्ह घ्यायला आले तेव्हा मी कॅसेट परत देताना म्हणालो, “काका, फाइल मिळाली म्हणून ही टाकून देऊ नका. उद्या याहून चांगलं यंत्र येईल, तेव्हा हीच लागेल. कोरड्या जागी, उभी ठेवा.” जुनं खोकंही मी टाकलं नव्हतं. त्याच्यावरच्या चिठ्ठीतली खोडलेली अक्षरं उजेडात तिरकी धरली की वाचता येत होती, मुलाच्या हातची : ‘पुसू नये’.

काका ती अक्षरं बराच वेळ बघत राहिले.

व्हीएचएसच्या पाठच्या कडेला डाव्या हाताला एक छोटा प्लास्टिकचा टॅब असतो. तो मोडला की त्या कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. चुकून पुसलं जाऊ नये म्हणून कंपनीनेच केलेली ती सोय. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक कॅसेटचा टॅब मी आधी तपासतो. या कॅसेटचा 1990 पासून शाबूत होता. नव्या खोक्याचाही मी अजून मोडला नव्हता.

“कुठे असतो तो?” काकांनी विचारलं. मी दाखवला. त्यांनी खिशातली किल्ली काढली, टोक त्या फटीत घातलं आणि अंगठ्याने दाबलं. टक् करून आवाज झाला. तुटलेला तुकडा त्यांनी रुमालात बांधला, कॅसेट पिशवीत उभी ठेवली आणि ते बसस्टॉपकडे निघाले.